शस्त्रांचा पाट

"हिनं डुक्कर पडेल का?"

आमच्या रावांनी हा प्रश्न विचारला आणि हयवदन अण्णांनी डोळे मिटून घेतले. हयवदन अण्णा म्हणजे बंदुकांचे दुकानदार. कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ, काउंटरमागे राघवेंद्रस्वामींचा फोटो आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना भिंतभर रायफली. कांदा-लसूणसुद्धा न खाणारा हा माणूस जन्मभर बंदुका विकतो आहे, याचं मला आत शिरल्यापासून हसू येत होतं.

"सार, असं मोठ्यानं विचारू नका," ते म्हणाले. ते बोलत होते कानडीत. मी माझ्या मराठीत सांगते आहे. "डुक्कर मारलंत तर तुम्ही आत जाल, आणि बंदूक विकली म्हणून मलाही सोबतीला यावं लागेल."

"आम्ही शिकारी लोक आहोत," राव म्हणाले. "शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं घराणं."

"होय सार. पण शिकारबंदीचा कायदा त्यांच्यानंतर आला."

राव म्हणजे माझा नवरा, गिरीराज. मी पुण्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, राव हा यांचा मान असेल. नंतर कळलं, बंगळुरात जुने मराठे सगळेच राव. माझे राव टेलिफोनच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, आता निवृत्त आहेत, आणि त्यांनी आयुष्यात झुरळाशिवाय कशाची शिकार केलेली नाही. तेही निम्म्या वेळा निसटायचं.

रायफल यांच्यासाठी नव्हतीच. ती घ्यायची होती यांच्या थोरल्या बहिणीला, मथुराक्काला. अक्का काउंटरच्या टोकाला उभी राहून एक एक रायफल बघत होती, साडीच्या दुकानात पोत बघावा तशी. बोट फिरवायची, मान तिरकी करायची, पुढे सरकायची.

हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. मी बेळ्ळंदूरला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. अक्काने बोम्मसंद्र्याच्या कपड्यांच्या कारखान्यात उभी हयात काढली. चेकिंगला होती. शर्टाची कॉलर उलटीपालटी करायची, सुटलेला दोरा दिसला की छोट्या कात्रीने कापायचा, पुढची कॉलर. त्या कामाने तिचा खांदा आखडला आणि डोळ्यांत मोतीबिंदू आला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, खांद्यासाठी मी तिला आमच्या दवाखान्यात आणू लागले. आमच्या इमारतीच्या तळघरात एक शूटिंग रेंज आहे. संगणकवाली पोरं ऑफिस सुटलं की तिथे येतात. एक दिवस व्यायाम झाल्यावर अक्का गायब. शोधत खाली गेले, तर बाई हातात रायफल घेऊन उभ्या, आणि तिथली शिकवणारी पवित्रा दहा मीटरवरचा कागद दोरीने ओढून जवळ आणते आहे.

"उल्का, बघ की," अक्का मला म्हणाली. "सगळी भोकं एका बटणाखाली झाकतील."

खरोखरच झाकली असती. कोटाचं बटण घ्यावं लागलं असतं, पण झाकली असती. पवित्राने कागद उलटसुलट करून पाहिला आणि कानडीत विचारलं, "अज्जी, आधी कुठे शिकलात?"

"अप्पांच्या बंदुकीनं एकदा चिंचेवर टांगलेलं मडकं फोडलं होतं," अक्का म्हणाली. "एकदाच."

तेव्हापासून खांद्याला व्यायाम कमी आणि रायफल जास्त. खांदा सुधारला, हे मात्र मान्य करायला हवं. आमच्या डॉक्टरबाई याचं श्रेय स्वतःकडे घेतात, घेऊ देत.

आता रेंजची रायफल दर वेळी वेगळी मिळायची. कधी लांब, कधी जड, कधी कुणीतरी तिचे स्क्रू पिळून ठेवलेले. दसऱ्याला रेंजवर मॅच होती, त्यात ज्येष्ठांचा वेगळा गट होता आणि त्यातले पहिले दोघे राज्याच्या निवडीला जाणार होते. पवित्रा म्हणाली, अक्का, स्वतःची घ्या. मग अक्काने एफडी मोडली आणि राव म्हणाले, बंदूक घ्यायची तर घरातला पुरुष बरोबर हवा. म्हणून आम्ही तिघं मेट्रोने एम. जी. रोडला उतरून हयवदन अण्णांच्या दुकानात आलो होतो.

रावांचं मन एका काळ्या, लांबलचक रायफलीवर बसलं होतं. वर दुर्बीण, पट्टा, सगळा थाट. "ही पॉइंट टू-टू आहे," ते मला समजावून सांगू लागले. हे ज्ञान त्यांनी आदल्या रात्री मोबाइलवरून मिळवलं होतं. "छर्रा मोठा. मॅचही खेळता येईल, आणि मालूरला आपल्या नाचणीत डुकरं शिरतात, त्यांचाही बंदोबस्त. एका खर्चात दोन कामं."

"सार," हयवदन अण्णा म्हणाले, "लग्नातही मिरवेल आणि पोहायलाही चालेल असा एक कपडा शिवून मिळेल का? मिळेल. पण घालणार कोण?"

अक्का खुदकन हसली.

मग त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. दहा मीटरच्या मॅचला एकच माप चालतं, पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन. साडेचार मिलिमीटर. त्या मापाच्या हवेच्या साध्या रायफलीला परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं. टू-टूला परवाना, म्हणजे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, आणि तो मिळेपर्यंत हा दसरा काय, पुढचाही निघून जाईल. शिवाय मोठा छर्रा जड, सावकाश जातो, वाटेत वाकतो. आणि डुकराला हवेच्या बंदुकीने मारलं तर ते मरत नाही, फक्त चिडतं. "मग ते तुमची शिकार करेल सार," ते म्हणाले. "त्याला कायदा लागू नाही."

रावांनी काळ्या रायफलीवरचा हात काढला, पण हळूहळू.

मग अण्णांनी जर्मनीहून आलेली एक निळी-चंदेरी रायफल दाखवली. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी, हातात घेतली तर धक्काच नाही. किंमत ऐकून मी अक्काचा हात धरला. तेवढ्यात स्कूटर आली असती, आणि सोबत हेल्मेट घातलेला ड्रायव्हरही.

"जुनी काही नाही काय, अण्णा?" अक्काने विचारलं.

अण्णा आत गेले आणि एक खोकं घेऊन आले. आतली रायफल दिसायला अगदीच अशी तशी. लाकडाचा दस्ता, त्यावर मोठा ओरखडा, बाजूला तरफ. ती तरफ ओढली की स्प्रिंग दाबली जाते, सिलिंडर नको, पंप नको. मागे दुर्बिणीऐवजी एक काळी चकती आणि चकतीत सुई जाईल एवढं भोक. त्या भोकातून बघायचं. एका मुलीची होती, ती शिकायला परदेशी गेली.

अक्काने ती उचलली. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, गाल दस्त्याला लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"एकादशी," अक्का म्हणाली. "स्वच्छ. तिच्याशेजारी काहीच नाही, फक्त एकादशी."

अण्णांनी चपट्या नाकाच्या छऱ्यांची डबी तिच्यासमोर ठेवली. हे छर्रे कागदात गोल, स्वच्छ भोक पाडतात, म्हणजे गुण मोजताना भांडण नाही. अक्काने एक छर्रा चिमटीत धरून उजेडात फिरवला. "काज केल्यासारखं," ती म्हणाली. "सरी, ठीक आहे. हीच द्या."

"ओरखडा आहे अक्का," राव म्हणाले.

"मलाही आहेत की रे," अक्का म्हणाली, आणि पैसे द्यायला पदराची गाठ सोडवू लागली.

परत येताना मेट्रोत तिने खोकं मांडीवर आडवं ठेवलं होतं. दोन्ही बाजूंच्या लोकांना त्याचं टोक लागत होतं, पण बाईंना पर्वा नव्हती. इंदिरानगर गेल्यावर ती रावांकडे न बघता म्हणाली, "गिरी, खंडेनवमीला ही शस्त्रांच्या पाटावर बसायची. आणि टिळा मी लावणार."

राव खिडकीबाहेर बघू लागले. "बघू," एवढंच म्हणाले.

आमच्या घरात खंडेनवमीला दोन पाट मांडतात. एक शस्त्रांचा, एक बायकांचा. शस्त्रांच्या पाटावर पूर्वी आजेसासऱ्यांची दुनळी असायची. पुढे ती अप्पांकडे, माझ्या सासऱ्यांकडे आली. ते गेले, परवाना कुणी पुढे चालवला नाही, दुनळी सरकारजमा झाली. भिंतीवर तिच्या दोन सागवानी खुंट्या तेवढ्या राहिल्या. तेव्हापासून त्या पाटावर राव एक गंजका जंबिया, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि स्कूटरची किल्ली ठेवतात. दुसऱ्या पाटावर विळी, खलबत्ता, मिक्सर आणि अक्काची ती दोरे कापायची कात्री. दोन पाटांमध्ये वीतभर जागा सोडायची, आणि पहिल्या पाटावरच्या वस्तूंना टिळा लावायचा तो घरातल्या थोरल्या पुरुषाने. बायकांनी तिकडे हात लावायचा नाही. मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं, का? सासूबाई म्हणाल्या, पद्धत आहे. मी पुण्याची असून गप्प बसले, यावरून त्यांच्या आवाजाची कल्पना यावी.

आणि हा थोरला पुरुष कोण? ज्याला अक्काने कडेवर खेळवलं, ज्याच्या डिप्लोमाची फी तिने ओव्हरटाइम करून भरली. तिचं लग्न त्या गडबडीत राहून गेलं. कधी बोलून दाखवलं नाही तिने. सगळ्या आयुष्यात भावाकडे मागितलं ते हे एवढंच, एक टिळा. मला वाटलं, राव हो म्हणतील. रात्री मी विचारलंही.

"अगं, लावू दे म्हणालो असतो," राव म्हणाले. "पण तीनशे-साडेतीनशे वर्षांची रीत माझ्या हातून मोडायची, हे बरं नाही वाटत. पाटावर ठेवतो ना. तेवढं पुरे."

"तुमच्या त्या रीतीत स्क्रू ड्रायव्हर बसतो," मी म्हणाले.

राव कूस बदलून झोपले. म्हणजे झोपल्यासारखं केलं.

खंडेनवमीला आमच्या के. आर. पुरमची काय ती शोभा. रिक्षांना केळीचे खुंट, बसला झेंडूचे हार, आणि प्रत्येक दुकानासमोर कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल. संध्याकाळी राव सोवळं नेसले. रायफल शस्त्रांच्या पाटावर ठेवली, आणि खरं सांगते, इतक्या वर्षांनी तो पाट शोभला. रावांना भरून आलं. माणूस भरून आला की हात सैल सुटतो, तसं झालं. त्यांनी हळद-कुंकू कालवलं आणि त्या रायफलीची अशी पूजा मांडली की विचारू नका. दस्त्यावर टिळा, नळीवर टिळा, तरफेवर टिळा. मागच्या चकतीला तर अनामिकेने चांगला दाबून, कारण तो शस्त्राचा डोळा. नळीच्या तोंडात शेवंतीचं फूल देठासकट खोचलं. दुनळीला दोन खोचत असत म्हणे, इथे एकच भोक होतं.

अक्का दुसऱ्या पाटाजवळ बसली होती. तिने विळीला कुंकू लावलं, मिक्सरला लावलं, कात्रीला लावलं. मान वर केली नाही. आरती झाल्यावर मी तिच्या हातात प्रसादाची वाटी दिली, तर म्हणाली, "स्वल्पच दे गं. भूक नाही." आणि अक्काला भूक नाही हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दशमी, सकाळी मॅच. राव पहाटेच उठून बसले होते. अक्षता टाकल्या, रायफल उत्तरेकडे चिमूटभर सरकवली, झालं उद्वासन, पूजा उतरली. अक्का ती उचलायला पुढे झाली तर यांचा हात आडवा. "थांब. सीमोल्लंघन झाल्याशिवाय दशमीचं शस्त्र उघडं करायचं नाही. अप्पांचा नियम होता." त्यांनी ती फुलासकट तशीच लाल खणात गुंडाळली, खोक्यात घातली, वर सुतळी बांधली.

"सीमा कुठली रे?" अक्काने विचारलं.

राव विचारात पडले. शहाजीराजांच्या वेळी वेस असेल, आता सगळीकडे शहरच. शेवटी म्हणाले, "टिन फॅक्टरीचा झुलता पूल. तो ओलांडला की झालं."

रिक्षाने पूल ओलांडला तेव्हा रावांनी हात जोडले. रिक्षावाल्यानेही जोडले, त्याला वाटलं काहीतरी देवस्थान आहे. सुट्टीमुळे रिंग रोड मोकळा होता, बेळ्ळंदूरला पोचलो ते वेळेच्या आधीच. पण चालत्या रिक्षात कोण खोकं उघडणार, आणि उतरल्यावर नावनोंदणीची रांग. रायफल उघडली ती थेट रेंजवर, नेम धरायच्या जागेवर.

पवित्राने खण सोडला आणि बघतच राहिली. "अक्का, इदु एनु? काय हे?"

तिने नळीतलं फूल देठाला धरून ओढलं. देठ आला, फूल निम्मं आलं, निम्म्या पाकळ्या आतच. मग तिने नळी साफ करायचा नमद्याचा गोळा आत सारला, तो दुसऱ्या टोकाला पाकळ्यांसकट बाहेर पडला. संगणकवाली पोरं मोबाइल काढून फोटो घेऊ लागली. मलाही हसू आवरेना. पण अक्का हसत नव्हती. तिने रायफल खांद्याला लावली होती आणि तिचा चेहरा पडला होता.

"काय झालं अक्का?"

"काही दिसत नाही," अक्का म्हणाली. "पुन्हा मोतीबिंदू आला काय गं?"

ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं ती बाई भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायची. मी धावत पुढे झाले, तिच्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. किती? तीन. आता? दोन. म्हणजे डोळा ठीक होता. मग पवित्राने चकती बघितली. सुई जाईल एवढं ते भोक हळद-कुंकवाने गच्च भरून वाळून दगड झालं होतं.

"हे कुणी केलं?" पवित्राने विचारलं.

प्रेक्षकांच्या बाकावरून आमचे राव उठून उभे राहिले. शाळेत मास्तरांनी नाव घेतल्यासारखे. सरावाच्या नेमांची वेळ सुरू झाली होती, बाकीचे ज्येष्ठ आपापल्या कागदावर टपटप छर्रे मारत होते, आणि अक्काची रायफल आंधळी होती.

"आमच्या घरची रीत आहे," अक्काच पवित्राला म्हणाली. "दसऱ्याचं शस्त्र आहे की. माझ्या भावाची काही चूक नाही."

मग तिने ब्लाउजच्या आतून सुई काढली. कारखान्याची सवय, दोरा ओवलेली सुई तिच्या अंगावर असतेच, लग्नाला गेली तरी. चकती फिरवून सोडवली, उजेडासमोर धरली आणि सुईच्या टोकाने भोकाच्या कडेकडेने कुंकू कोरू लागली. घाई नाही. कण पडला की फुंकर, मग पुढचा कण. सरावाची वेळ संपत आली होती, मी नखं खात होते आणि राव डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. बहुधा स्तोत्र, मला तर बघवत नव्हतं.

चकती बसवून झाली तेव्हा सरावाला एकच नेम मिळाला. तो कागदाच्या कोपऱ्यात गेला. अक्काने स्क्रू दोन खुणा फिरवला आणि खरी मॅच सुरू झाली.

पहिला कागद वाईटच गेला. छर्रे डावीकडे पडत होते. ती थांबली, खाली बसली, पाणी प्यायली, उठली. दुसरा कागद बरा. तिसऱ्याला पवित्रा माझ्या कानाशी म्हणाली, "बघा, बघा," आणि माझा दंड आवळून धरला. अक्का मात्र आता कुणाचं काही ऐकत नव्हती. तरफ ओढायची, छर्रा ठेवायची, गाल टेकायची, श्वास अर्धा सोडायची. तिला मी कधी कारखान्यात काम करताना पाहिलेलं नाही. पण अशीच करत असेल, असं वाटलं. एक कॉलर, मग पुढची कॉलर.

चौथा कागद ओढून जवळ आणला तेव्हा पवित्राने तो माझ्यासमोर धरला. सगळी भोकं मधल्या काळ्यात, एकमेकांना चिकटून. "बटण आणा," ती म्हणाली. अक्काने तिलाही ते सांगितलेलं होतं म्हणजे. शर्टाचं बटण पुरलं असतं.

पहिले आले सैन्यातून निवृत्त झालेले एक कर्नल. त्यांची रायफल ती निळी-चंदेरी. दुसरी आली मथुराक्का. म्हणजे राज्याच्या निवडीला दोघं जाणार, त्यात एक आमची. कर्नलसाहेबांनी तिच्याशी हात मिळवला आणि तिच्या तळहाताकडे बघितलं, कारण तिच्या हाताच्या कुंकवाने त्यांचाही लाल झाला होता. मला गाणं म्हणायची इच्छा झाली. मी अक्काला मिठी मारली तेव्हा तिचा तो जुना खांदा थरथरत होता, हसण्याने.

राव कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या हातात अक्काचा पहिला कागद होता, डावीकडे गेलेल्या छऱ्यांचा. काही भोकांच्या कडेला पिवळट-लाल रेघ उमटली होती. नळीत राहिलेल्या हळद-कुंकवाची. ते त्यावरून अंगठा फिरवत होते. रिक्षात परत येताना तो कागद त्यांनी घडी न घालता धरून ठेवला आणि झुलत्या पुलावर त्यांचे हात जोडायचे राहून गेले.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. बाहेर आले तर रावांनी पाट पुन्हा मांडला होता. सोवळं नेसले नव्हते, शर्ट-पँटवरच. समोर हळद-कुंकवाची वाटी आणि पाटावर रायफल.

"अक्का, ये," ते म्हणाले.

अक्का दारात थांबली. "उद्वासन झालं की रे सकाळी."

"काल जे झालं ती पूजा नव्हती. मी भोक बुजवून ठेवलं." त्यांनी वाटी पुढे सरकवली. "ज्याला शस्त्र कळतं त्यानं टिळा लावावा. अप्पांना दुनळी कळायची म्हणून ते लावायचे. मला काय कळतं? स्क्रू ड्रायव्हर. माझ्या लक्षातच आलं नाही इतकी वर्षं. तू लाव."

"तुझी साडेतीनशे वर्षं?"

"ती पुलापर्यंत," राव म्हणाले. "पूल ओलांडला आपण."

अक्का पाटासमोर बसली. तिचा हात वाटीशी गेला. डोळे भरले होते तिचे, मी बघितलं. मग तिने सुईच्या माथ्याने कुंकू उचललं आणि दस्त्यावरच्या त्या ओरखड्याच्या टोकाला एक ठिपका ठेवला. तांदळाच्या दाण्याएवढा. नळीला नाही, चकतीला तर मुळीच नाही. मग वाटीत बोट बुडवून तिने रावांच्या कपाळाला कुंकू लावलं, चांगलं दाबून.

"इथे भोक नाही," ती म्हणाली. "इथे हवं तेवढं लावता येतं."

मी हसले, राव हसले, आणि चहा उतू गेला.

मग रावांनी स्टूल आणलं, पण अक्काने त्यांना चढू दिलं नाही. स्टूल मी धरलं. तिने रायफल त्या दोन सागवानी खुंट्यांवर ठेवली, थोडी डावीकडे सरकवली, मान तिरकी करून पाहिली. खुंट्या दुनळीच्या मापाच्या, हिला जरा लांब पडत होत्या. तरी बसली. खाली उतरताना ती मला म्हणाली, "उल्का, माझी कात्री दे बरं तिकडची."

मी बायकांच्या पाटावरून कात्री उचलून दिली. तिने कात्रीच्या कडीत दोरा ओवला, गाठ मारली, आणि ती छोटी कात्री रायफलीच्या खाली, उजव्या खुंटीला अडकवली. राव तोवर बन्नीची, म्हणजे शमीची पानं घेऊन आले. त्यांनी पहिलं पान अक्काच्या हातात ठेवलं, खाली वाकून पाया पडले, आणि उठताना एका हाताने दोन्ही पाट एकमेकांना लावून ठेवले.